पिंपल्ससाठी अ‍ॅडापलीन जेल लावतोय, पण डोळ्यांखाली जळजळ होऊन सालं निघतायत. काय करू? (ठाणे)

जेल डोळ्यांजवळ लावलं नसलं तरी ते घामाने, चोळण्याने तिथवर सरकतं, आणि ठाण्याच्या दमट हवेत घामाला काय तोटा! पापण्यांची त्वचा अगदी पातळ. सालं थांबेपर्यंत जेल बंद ठेवा, स्क्रबही नको. पुन्हा सुरू करताना आधी डोळ्यांभोवती व्हॅसलीन लावा, मग कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढंच जेल, तेही एक दिवसाआड.

घरात पडलेली बेटामेथासोन या स्टेरॉइडची ट्यूब मात्र तिथे लावू नका. केमिस्ट देतो म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. स्टेरॉइड पापण्यांवर बरेच दिवस लावल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

जेल डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा. धूसर दिसलं किंवा पापणी सुजली तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.