"कळवलं तर त्याचं वाटोळं होईल ना?"

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बाईंनी खुर्चीत बसल्याबसल्या हेच विचारलं. त्या एका पशुचिकित्सालयाच्या प्रमुख. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हाताखालचा तरुण डॉक्टर कामाला वाघ, मुक्या जिवांवर माया करणारा. पण काही महिने केटामाइनच्या (भूल देण्याचं औषध, नशेसाठीही वापरलं जातं) नोंदवहीचा मेळ लागत नव्हता. कधी 'बाटली फुटली', कधी मांजराच्या नावावर मोठ्या कुत्र्याचा डोस. रात्रपाळ्या तो मागून घ्यायचा आणि सारखा लघवीला जायचा. केटामाइन वरचेवर घेतलं की मूत्राशयाला इजा होते, हे बाईंना ठाऊक होतं. मन मात्र मानत नव्हतं. दोनदा तर त्यांनीच नोंदी जुळवून दिल्या होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

"उद्या बोलावते, गुपचूप राजीनामा घेते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना तिथेच थांबवलं. पकडलं गेल्यानंतरचे पहिले काही तास फार धोक्याचे असतात. लाज, गेलेली नोकरी, रिकामं घर. अशा वेळी माणूस जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतो, आणि जीवघेणी औषधं याच्या रोजच्या हाताळणीतली. शिवाय राजीनामा घेऊन सोडलं, तर उद्या तो दुसऱ्या दवाखान्याच्या औषधकपाटापाशी उभा.

मग आम्ही तो दिवसच आखला. बोलताना दोघं हवेत. 'तू व्यसनी आहेस' म्हणायचं नाही, तारखा समोर ठेवायच्या. मनोविकारतज्ज्ञांची त्याच दिवशीची वेळ आधीच घ्यायची, औषधकपाटाची किल्ली काढून घ्यायची, त्याला एकटं घरी सोडायचं नाही. कायद्याने जिथे कळवणं भाग आहे तिथे कळवायचं, आणि स्वतः जुळवलेल्या नोंदीही वकिलाच्या सल्ल्याने उघड करायच्या. हे त्यांना सर्वांत जड गेलं.

वाटोळ्याबद्दल त्यांना एक आकडा सांगितला. अमेरिकेत व्यसनात अडकलेल्या, माणसांच्या ९०४ डॉक्टरांवर उपचारांसोबत देखरेख ठेवली गेली, त्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ वर्षांत साधारण ७८ टक्के जणांच्या एकाही तपासणीत दारू वा अमली पदार्थ सापडला नाही. उपचार आणि नियमित तपासणी हातात हात घालून चालल्या, तर करिअर वाचू शकतं.

त्याने आधी साफ नाकारलं. मग विचारलं, "आईला कोण सांगणार?"

मधे एकदा घसरण झाली, पण आज तो कामावर आहे. किल्ली त्याच्याकडे नसते; उरलेलं औषध टाकताना दोघांच्या सह्या होतात. नंतरच्या एका भेटीत बाई म्हणाल्या, "एका दिवशी त्याने पाच जनावरांना शेवटचं इंजेक्शन दिलं होतं. मी फक्त पुढचा पेशंट आत पाठवला." आता तिथे ते काम आळीपाळीने वाटून घेतात.