पिशवी का सुटते

लातूर

प्रिय लेकरा,

परवा तुझे वडील बैठकीत चहा घेत होते, तेव्हा तू हळूच म्हणालास, "काका, पिशवी दोन दिवसांत सुटते अन् काढताना जीव जातो." तू शर्ट वर केलास आणि मला कारण दिसलं. स्टोमाभोवती, म्हणजे ऑपरेशननं पोटावर आणलेल्या आणि मळाची पिशवी लावायच्या आतड्याच्या तोंडाभोवती, दाट केस, त्यांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या, दोन-तीन तर पांढऱ्या तोंडाच्या. वडिलांना वाटतंय पिशवीच हलकी मिळाली. तसं नाही. पिशवीची चिकट प्लेट कातडीला धरायच्या ऐवजी केसांना धरते, मधे घाम साचतो आणि खालून पाझर सुरू होतो. काढताना केस मुळासकट उपटले जातात आणि तिथली छिद्रं सुजतात. त्यात तुझी इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा. लहान आतड्यातून येणाऱ्या पातळ मळात पाचक रस असतो. तो कातडीला लागला की भाजल्यासारखी आग होते.

हे बोलायला तू लाजलास. आपल्याकडं पुरुषमाणूस पोटावरच्या केसांबद्दल कुणाला विचारत नाही. मलाही स्टोमा आहे, मीही पहिलं वर्ष गप्प बसलो आणि चुका केल्या.

साबणाचा फेस करून साध्या ब्लेडनं केस काढायचो. एकदा पात्याचा कोपरा स्टोमाला लागला. मला कळलंच नाही. मांडीवर लाल पाणी ओघळलं तेव्हा समजलं. स्टोमाला रक्त भरपूर, पण दुखण्याची जाणीव नाही. ओला कपडा दाबून धरल्यावर रक्त थांबलं, हात मात्र बराच वेळ कापत होते. म्हणून सांगतो, ब्लेड नको, ट्रिमर घे. तो फक्त तुझाच असू दे, दाढीला वेगळा ठेव. केस काढायचं क्रीम आणि वॅक्सिंग यांचं तर नावही काढू नकोस.

ओला करून पिळलेला गॉज स्टोमावर ठेव. एका हातानं कातडी ताणून धर आणि ट्रिमर स्टोमाकडून बाहेरच्या बाजूला ने, उलटा कधीच नको. केस अगदी गुळगुळीत काढायची गरज नाही, बारीक झाले तरी पुरे. आठवड्यातून एकदा, पिशवी बदलतानाच कर. वेळ सकाळची, काही खाण्यापिण्याआधीची. तेव्हा आतडं त्यातल्या त्यात शांत असतं. सध्याच्या पुटकुळ्या बसेपर्यंत मात्र तिथं काहीच फिरवू नकोस. पू वाढला किंवा ताप आला तर थेट डॉक्टरांकडं जा.

दुसरी चूक तेलाची. शेजारच्या आजीनं मायेनं सांगितलं म्हणून मी पुटकुळ्यांवर खोबरेल तेल आणि हळद लावली. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या एसटीत बसलो आणि रेणापूर यायच्या आत प्लेट सरकली. पोटावर टॉवेल दाबून उतरलो, ते आजही आठवतं. तेलकट कातडीवर काहीच चिकटत नाही. डेटॉल नको, मॉइश्चरायझर नको, सुगंधी साबणही नको. कोमट साधं पाणी आणि मऊ कापड, बस्स. पाणीही फार लागत नाही. 2016 साली आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा माझं सगळं एका तांब्यात भागायचं.

पुसताना घासू नकोस, टिपून घे. कातडी ओलसर वाटली तर स्टोमा पावडर अगदी पातळ भुरभुर आणि जास्तीची झटकून टाक. थर राहिला तर प्लेट पुन्हा सुटणार. प्लेटचं छिद्र स्टोमापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठं काप. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, तेव्हा दवाखान्यातलं जुनं माप चालवू नकोस, दर खेपेला मोजून काप. लावल्यावर तळहात मिनिटभर वर दाबून ठेव, ऊब लागली की चिकट थर घट्ट धरतो. उन्हाळ्यात पिशव्यांचा डबा पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नकोस.

काढताना प्लेट ओढू नकोस. एका हातानं कातडी खाली दाब, कोमट पाण्याचं कापड कडेला लाव आणि प्लेट वरून खाली हळूहळू सोडव.

स्टोमा ओल्या लाल रंगाचा हवा. जांभळट किंवा काळा दिसला तर उद्यावर ढकलू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

पुढच्या रविवारी ये. काढलेली प्लेट कागदात गुंडाळून आण, किंवा तिच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून आण. ती कुठल्या कडेला विरघळली आहे ते पाहिलं की पाझर कुठून होतो ते सांगता येईल. वडिलांनाही आत बोलावू, त्यांनाही दाखवू.

तुझा,
काका