मुलाचं नाव रजिस्ट्रीत, आणि मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो

टेक्सासहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडं आटोपशीर करून देते:

"आम्ही डॅलसजवळच्या उपनगरात राहतो. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात असताना त्याने एका पंधरा वर्षांच्या मुलीशी ऑनलाइन ओळख वाढवून तिच्याकडे नको ते फोटो मागितले. ती पंधराची आहे हे त्याला माहीत होतं. वकील म्हणाले प्ली घे, म्हणजे गुन्हा कबूल कर, तुरुंग टळेल. त्याने घेतली. प्रोबेशन पूर्ण केलं, समुपदेशन पूर्ण केलं. आता तो सत्तावीसचा आहे, नोकरी करतो, आमच्याकडेच राहतो. गेल्या गणपतीत कुणीतरी त्याचा रजिस्ट्रीतला, म्हणजे लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीतला फोटो आमच्या पत्त्यासकट मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून धाकटीच्या मैत्रिणी घरी येत नाहीत. त्यातच त्याचं नाशिकच्या एका मुलीशी जमतंय. सांगलीला सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, नातवाला बघायचंय म्हणतात. ह्यांचं म्हणणं, आपल्याला कायद्याविरुद्ध बोलायला तोंड नाही, गप्प राहा. मी काय करू?"

ताई, 'ती पंधराची आहे हे त्याला माहीत होतं' हे तुम्ही झाकून ठेवलं नाहीत, म्हणून मीही तुमच्याशी मोकळेपणाने बोलू शकते. त्या मुलीवर अन्याय झाला. ती आज बावीस-तेवीसची असेल आणि ती हे विसरली असेल असं मानायचं काही कारण नाही. हे मान्य करूनही मला वाटतं की तुमच्या घरावर जे ओझं टाकलं गेलंय ते अन्यायाचं आहे, आणि ते तसं म्हणायला तुम्हाला पूर्ण तोंड आहे. त्याकडे शेवटी येते. आधी ज्यात घाई नडेल ते.

लग्न. २००६ चा ॲडम वॉल्श कायदा रजिस्ट्रीसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात इमिग्रेशनचंही एक कलम आहे आणि ते फौजदारी वकिलांच्या बोलण्यात क्वचितच येतं. अल्पवयीन व्यक्तीविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या नात्यातल्या माणसाला ग्रीन कार्डवर आणण्यासाठीचा आय-१३० अर्ज करू शकत नाही. बायकोसाठी नाही, आईवडिलांसाठी नाही. फियान्से व्हिसाचा रस्ताही बंद. येणारी मुलगी सव्वीस वर्षांची इंजिनिअर असली तरी बंदच. सुटका एकाच बाजूने आहे: तिला त्याच्यापासून कसलाही धोका नाही हे त्याने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं, आणि ते सिद्ध झालं की नाही हे इमिग्रेशन खातं स्वतःच्या मर्जीने ठरवणार. फौजदारी खटल्यात जो भार सरकारच्या डोक्यावर असतो, तो इथे तुमच्या मुलाच्या डोक्यावर आहे. असे अर्ज मंजूर होणं अवघड असतं. ती मुलगी स्वतःच्या नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आली तर ती वाट वेगळी, कारण तिथे अर्जदार तो नसतो. त्याचा गुन्हा त्या ठरावीक यादीत बसतो का, हे साखरपुड्याच्या आधी अशा प्रकरणांची माहिती असलेल्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या.

आणि त्या मुलीला सांगायचं. तुम्ही नाही, त्याने. कोर्टाचे कागद तिच्या हातात देऊन, तिचे आईवडील समोर असताना. 'लग्नानंतर हळूहळू सांगू' हा विचार घरात कुणी बोलून दाखवला असेल तर तो तिथेच थांबवा. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली फसवणूक ठरू शकते आणि त्यावरून लग्न रद्द होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, परक्या देशात उतरल्यावर शेजारणीच्या फोनवर तिला नवऱ्याचा फोटो दिसणं ही क्रूर गोष्ट आहे. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. ती हो म्हणाली तर ते सगळं माहीत असून म्हणालेली असेल.

सांगलीची तिकिटं आत्ता काढू नका. २०१६ च्या इंटरनॅशनल मेगन्स लॉनंतर ज्यांचा गुन्हा अल्पवयीन व्यक्तीविरुद्धचा आहे आणि ज्यांना अजून नोंदणी करावी लागते, त्यांच्या पासपोर्टवर तसा शेरा छापला जातो. परदेशी जायचं तर २१ दिवस आधी नोंदणीच्या कार्यालयात प्रवासाचा तपशील द्यावा लागतो. तिथून ती माहिती त्या देशाच्या यंत्रणेकडे पोचू शकते, आणि उतरू द्यायचं की आल्या विमानाने परत पाठवायचं हा निर्णय त्या देशाचा. त्याचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर भारतात जायला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) लागेलच. तो अर्ज करताना शिक्षेबद्दल विचारलं तर खरंच लिहायचं. उत्तर हातात येईपर्यंत सासूबाईंना तारीख सांगू नका. वाट बघायला लावून रद्द करण्यापेक्षा, तुम्ही दोघं धाकटीला घेऊन जाऊन आलात तर त्यांना जास्त बरं वाटेल.

आता मंडळ. यात माझं मत दोन्ही बाजूंना थोडं टोचेल.

मुलांची काळजी घेणं हे मंडळाचं कामच आहे. तुमच्या मुलाने मराठी शाळेत, बालनाट्यात, मुलांच्या ढोलपथकात स्वयंसेवक म्हणून उभं राहू नये, आणि हे मंडळाने सांगण्याआधी त्याने स्वतः सांगावं. अध्यक्षांना घरी चहाला बोलवा, काय घडलं ते सांगा, प्रोबेशन पूर्ण झाल्याचा कागद दाखवा, आणि तो कुठे येईल, कुठे येणार नाही हे मिळून ठरवा. त्याच बैठकीत हेही विचारा की तो फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याशी मंडळ बोललं का. अनेक राज्यांच्या रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर स्पष्ट ताकीद असते की ही माहिती वापरून कुणाला त्रास देणं, धमकावणं बेकायदा आहे. धाकटी तर अजून शाळेत आहे. तिने काय केलं? महाराष्ट्रात जातपंचायती कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकत, ते थांबावं म्हणून २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तो डॅलसमध्ये लागू नाही, पण तिथून आलेल्या माणसांना त्यामागचं दुखणं नव्याने समजावून सांगायची गरज पडू नये.

ज्या आईबापांनी तो फोटो पुढे ढकलला, त्यांनाही एक सांगायचंय, कारण हे सदर तेही वाचतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००० सालच्या अहवालानुसार, पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांत लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांपैकी ९३ टक्के मुलं अत्याचार करणाऱ्याला ओळखत होती. ३४ टक्के प्रकरणांत तो घरातला होता. म्हणजे ज्याच्या गाडीतून आपण मुलाला क्लासला पाठवतो, जो सुट्टीत आठवडाभर मुक्कामाला असतो, त्याच्याकडे लक्ष हवं, आणि मुलाने 'मला त्या काकांकडे नाही जायचं' म्हटलं तर ते ऐकून घ्यायला हवं. वेबसाइटवर पिनकोड टाकून लाल ठिपके मोजल्याने यातलं काहीच होत नाही. उलट, बघितलं एकदा, आता काळजी नाही, असं वाटायला लागतं.

आता तुमच्या ह्यांच्या मुद्द्याकडे येते.

ही व्यवस्था कशी वाढली ते बघा. १९८९ मध्ये मिनेसोटात अकरा वर्षांच्या जेकब वेटरलिंगचं अपहरण झालं. त्याच्या नावाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि राज्यांना रजिस्ट्री ठेवणं भाग पडलं. तेव्हा ती मुख्यतः पोलिसांसाठी होती. त्याच वर्षी न्यू जर्सीत सात वर्षांच्या मेगन कांकाचा खून झाला, आणि १९९६ पासून केंद्राच्या मेगन्स लॉने माहिती लोकांपुढे आणली. २००६ च्या कायद्याने १५ वर्षं, २५ वर्षं आणि आजन्म अशा तीन पायऱ्या केल्या. काही गंभीर गुन्ह्यांत चौदा वर्षांची मुलंही त्यात ओढली गेली. प्रत्येक वेळी मागे एका लेकराचा मृत्यू होता आणि संताप खरा होता. पण यादी वाढत वाढत सात लाखांच्या पुढे गेली, आणि लहान मुलाचा खून करणारा आणि तुमचा मुलगा एकाच वेबसाइटवर शेजारी शेजारी आले.

२००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलास्काच्या खटल्यात म्हटलं की रजिस्ट्री ही शिक्षा नाही, केवळ प्रशासकीय नोंद आहे. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण भयावह असतं, हा त्यामागचा एक आधार. त्याच्या आदल्या वर्षी त्याच न्यायालयाच्या एका निकालात ८० टक्क्यांपर्यंतचा आकडा आला होता. नंतर अभ्यासकांनी त्याचा माग काढला तेव्हा तो १९८६ मधल्या एका लोकप्रिय मासिकातल्या, कुठलाही पुरावा न दिलेल्या विधानापर्यंत पोचला. न्याय खात्याने १९९४ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा तीन वर्षं मागोवा घेतला, त्यात पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले ५.३ टक्के निघाले. सगळे गुन्हे पोलिसांपर्यंत पोचत नाहीत हे धरूनही, हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत.

'केवळ नोंद' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पत्ता, नोकरी, गाडी, ईमेल, काहीही बदललं की ठरलेल्या दिवसांत कळवायचं. राहून गेलं तर तो नवा गुन्हा, केंद्राच्या कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत तुरुंग. अनेक गावांचे शाळा-बागांपासून अमुक फूट लांब राहण्याचे नियम. मायामीत अडीच हजार फुटांच्या नियमाने इतकी घरं बाद झाली की २००६ नंतर काही वर्षं माणसं जूलिया टटल कॉजवे या पुलाखाली तंबू ठोकून राहत होती. ज्याला पत्ता नाही त्याच्यावर पोलिसांनी लक्ष कसं ठेवायचं? आणि ज्याची नोकरी टिकत नाही, घर मिळत नाही, ज्याला कुणी जेवायला बोलवत नाही, त्याने सुधारावं तरी कशाच्या आधाराने? नोंद फक्त पोलिसांकडे ठेवली तर गुन्हे कमी व्हायला काही मदत होते, पण ती सगळ्यांना खुली केली की उलटा परिणाम होऊ शकतो, असा निष्कर्ष २०११ मधल्या एका नावाजलेल्या अभ्यासात निघाला.

बदल होतो, ताई. कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये देशात पहिली नोंदणी सुरू केली होती आणि तिथे सरसकट सगळे आजन्म यादीत असत. २०१७ मध्ये त्यांनी कायदा बदलला आणि २०२१ पासून दहा वर्षं, वीस वर्षं, आजन्म असे टप्पे आले. मुदत संपली की कोर्टात अर्ज करता येतो. मिशिगनचा कायदा म्हणजे मागाहून लादलेली शिक्षाच आहे, असं सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अल्पवयीन आरोपींची आजन्म नोंद घटनाबाह्य ठरवली. अमेरिकेबाहेर बघा: कॅनडाची रजिस्ट्री लोकांना खुली नाही, आणि सरसकट सगळ्यांची सक्तीची नोंद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. ब्रिटनमध्ये आजन्म नोंद असलेल्यालाही १५ वर्षांनी फेरविचार मागता येतो. भारताने २०१८ मध्ये राष्ट्रीय यादी केली, पण ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांना दिसते.

आणि पॅटी वेटरलिंग. जेकबची आई. त्याचे अवशेष २०१६ मध्ये सापडले, सत्तावीस वर्षांनी. पहिला कायदा व्हावा म्हणून झटलेल्या या बाईंनी पुढे उघडपणे विचारलं की आपण सगळ्यांना, अगदी लहान वयाच्या मुलांनासुद्धा, कायमचं एकाच यादीत का टाकतोय. त्यांना हे बोलता येतं, तर तुमच्या ह्यांनी 'तोंड नाही' म्हणायचं कारण नाही.

ज्यांच्या घरात अजून कोर्टाची तारीख पडायची आहे त्यांच्यासाठी इथेच दोन वाक्यं. प्लीवर सही करण्याआधी वकिलाला लेखी विचारा: रजिस्ट्रीत किती वर्षं, लोकांना दिसेल का, आणि आमच्या व्हिसाचं, ग्रीन कार्डचं काय होईल. सर्वोच्च न्यायालयातल्या २०१० च्या पडिया (Padilla) खटल्यापासून डिपोर्ट होण्याचा धोका सांगणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे, आणि विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाच्या बाबतीत तर तुरुंग टळला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणं फार महागात पडू शकतं.

तुमच्यासाठी पुढचं काम: टेक्सासमध्ये काही गुन्ह्यांची नोंद दहा वर्षांची असते, काहींची आजन्म. त्याची कुठली आहे ते कागदावर बघा. टेक्सासने ठरवलेली मुदत केंद्राच्या किमान मुदतीपेक्षा जास्त असेल तर लवकर नाव काढण्याची प्रक्रिया आहे. ती मूल्यमापनापासून सुरू होते आणि शेवटी कोर्टात जाते. 'टेक्सास व्हॉइसेस फॉर रीझन अँड जस्टिस' ही संस्था अशाच एका मुलाच्या आईने उभी केली. त्यांना फोन करा, आणि यजमान येत नसतील तर एकट्या जा. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवस भरतं. समित्यांपुढे सामान्य माणसाला साक्ष देता येते, वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतो. तेवढ्यात कायद्याची कलमं सांगू नका, ती सांगायला वकील असतील. त्या मुलीचा उल्लेख आधी करा, मुलाने काय केलं ते एका वाक्यात सांगा, आणि उरलेला वेळ धाकटीला द्या: तिचं वय, तिच्या घराचा पत्ता कुठे छापला आहे, आणि गणपतीपासून तिच्याकडे कोण कोण यायचं बंद झालं.