पश्चात्ताप झाला की केला?

प्रश्न नागपूरचाच आहे. सदर भागातले एक वाचक लिहितात : "दोन वर्षं दारूत गेली. ताईच्या चार बांगड्या तिला न विचारता इतवारीत गहाण टाकल्या. आता सात महिने झाले, दारू सुटली आहे. ईस्टरच्या आधी ताईला पत्र लिहायचं आहे. 'मला पश्चात्ताप झाला आहे' असं लिहिलं, तर आमचे पाळकसाहेब म्हणाले, 'झाला' नको, 'केला' लिही. मराठी म्हणून बरोबर काय? आणि शेवटी 'क्षमा कर' लिहू की 'माफ कर'?"

रोजच्या मराठीत 'झाला' हेच बरोबर. आपल्याला राग येतो, भूक लागते, आठवण होते, तसाच पश्चात्ताप होतो. या वाक्यांत 'मी' नसतो, 'मला' असतो. जे घडतं ते माझ्यावर घडतं. म्हणूनच आपण कुणाला 'चल, पश्चात्ताप कर' असं सहसा म्हणत नाही. 'तुला पश्चात्ताप होईल' असं म्हणतो, आणि तेही बहुधा भांडणात.

शब्दाची घडणही तीच आहे. पश्चात् अधिक ताप. (त्यामुळे त दोनदा येतो, 'पश्चाताप' हे चुकीचं.) मागाहून होणारा दाह. नागपूरकराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यात सूर्य कधीचा मावळलेला असतो आणि रात्री दहा वाजता गच्चीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. ऊन गेलं, धग राहिली. बोलण्यातला 'पस्तावा' हा याच शब्दाचा झिजलेला धाकटा भाऊ.

आता पाळकसाहेबांचं म्हणणं. मराठी बायबलात येशूच्या उपदेशाची सुरुवातच अशी आहे : 'पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे' (मत्तय 4:17). आज्ञार्थ आहे, आणि क्रियापद 'करणे'. मूळ ग्रीक नाम 'मेटानोइया'. त्यात ताप नाही, दाह नाही. मन पालटणं आहे. त्याच्या पाठीमागे उभा असलेला हिब्रू शब्द 'शूव', म्हणजे सरळ 'परत फिरणं'. चुकीच्या रस्त्याने निघालेला माणूस थांबतो, वळतो, घराकडे चालू लागतो, तेवढाच त्याचा अर्थ. जुन्या करारातले संदेष्टे लोकांना पुन्हा पुन्हा सांगतात ते हेच : वळा, परत या. वळणं ही गोष्ट माणसाला सांगता येते. भाजून घे असं सांगता येत नाही.

म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी जवळात जवळचा शब्द घेतला आणि त्याला 'करा' जोडून त्याचा अर्थच वाढवला. दोनशे वर्षांच्या वापराने ख्रिस्ती मराठीत 'पश्चात्ताप करणे' हे वेगळं क्रियापद झालं आहे. ते परकं वाटू नये. भाषेत नवा अर्थ असाच रुजतो.

हा फरक नुसता कोशातला नाही. एकाच रात्री दोन शिष्य पडले. यहूदाने येशूला धरून दिलं, पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा सांगितलं. यहूदाबद्दल मत्तय 'मेटानोइया'चं क्रियापद वापरत नाही, दुसरं वापरतो. मी तिथे 'पस्तावला' म्हणेन. आणि यहूदाने काय काय केलं ते पाहा. तीस नाणी परत नेली. पाप केलं असं तोंडाने कबूल केलं. पण ज्या याजकांकडे गेला ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. त्याची धग खोटी होती असं मला कधीच वाटलं नाही. तो परत जिथे जायला हवा होता तिथे गेला नाही, एवढंच. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू दिसताच नावेतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला होता. योहानाने वापरलेला हा विस्तवाचा शब्द सगळ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : इथे, आणि पेत्र ज्या आगीशी शेकत नाकारत उभा होता तिथे. तसाच विस्तव, तीन नकारांसमोर येशूचे तीन प्रश्न, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे वाचताना माझा आवाज अजून कापरा होतो.

माझंही सांगतो. तरुणपणी मी इथल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, खिळे जुळवण्याच्या काळात. एका पुस्तकाचा सोळा पानांचा फर्मा चुकीचा छापला गेला. शेवटच्या प्रुफावर माझी सही होती. ते प्रूफ मी दप्तरात घालून घरी नेलं आणि गप्प बसलो. कागदाचे पैसे कंपोझिटरच्या पगारातून कापले गेले. वर्षभराने मी त्याच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. दारात उभं राहूनच म्हणालो, "भाऊ, मला फार पश्चात्ताप होतो हो." तो लुंगीवर बसून शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "होत असन. मग तुम्ही काय करून राहिले?"

मी काहीच करून राहिलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी ते प्रूफ घेऊन मालकासमोर गेलो. माझ्या पगारातून पैसे कापून त्याला द्यायला तीन महिने लागले. शेवटचे पैसे द्यायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सोडलं भाऊ मी. चहा घ्या." 'झाला' आणि 'केला' यांतला फरक मला कुठल्याही व्याकरणापेक्षा त्या माणसाने नीट शिकवला. तुमचे पाळकसाहेब तेच सांगताहेत, असं मला वाटतं.

'प्रायश्चित्त' तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक शब्द. 1970 साली सहा ख्रिस्ती मंडळ्या (चर्चसंस्था) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरातच. कॅथलिक मंडळी वेगळी. त्यामुळे शहरात शब्दांच्या परंपराही एकाहून जास्त आहेत. कॅथलिक माणूस पाप कबूल केल्यावर धर्मगुरूने नेमून दिलेलं प्रायश्चित्त करतो. इतरांकडे बहुधा 1 योहान 2:2 चा शब्दप्रयोग कानावर येतो, जिथे ख्रिस्तच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. पत्रात हा शब्द नको. तो ताईवर ओझं टाकेल.

आता क्षमा की माफी. 'क्षमा'चा धातू क्षम्, सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळं सोसते. 'माफी' अरबीतून फारसीच्या वाटेने आली आणि आपल्याकडे ती हिशेबाच्या वहीत जाऊन बसली : सारा माफ, फी माफ, कर्जमाफी. पुष्कळांना वाटतं की प्रार्थनेला क्षमाच शोभते, माफी सरकारी. मला उलट वाटतं. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाचं वाक्य असं आहे : 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड'. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. ज्या विदर्भात सातबारा कोरा होण्याची वाट पाहत माणसं म्हातारी झाली, तिथे हे वाक्य कुणाला उलगडून सांगायला नको.

त्यातलं 'सोड' हे क्रियापद तर नेमकं आहे. ग्रीक 'अफिएमि'चा साधा अर्थ सोडणं, जाऊ देणं. शिष्य जाळी सोडून येशूच्या मागे गेले, तिथेही हेच क्रियापद. आणि सोडणारा दुसरा असतो. पश्चात्ताप 'करायचा' असतो, क्षमा मात्र आपण 'करून घेऊ' शकत नाही. ती मागायची आणि मिळते. येशूच्या दृष्टांतातल्या, घरी परतलेल्या उधळ्या पुत्रानेही 'मला मोलकऱ्यासारखे ठेवा' असं भाषण तयार करून आणलं होतं. बापाने ते पुरतं बोलूच दिलं नाही. अंगरखा आणा, अंगठी आणा, असं तो चाकरांना सांगू लागला.

म्हणून पत्रात 'मला पश्चात्ताप झाला आहे' खुशाल राहू द्या, ते खरं आहे आणि मराठीही आहे. त्याच्या पुढचं वाक्य मात्र 'मी' ने सुरू करा. 'माफ कर' लिहा. ताईशी तुम्ही घरात जे बोलता तेच. 'क्षमा' लिहिलंत तर ती चमकून पत्र दोनदा वाचेल.

आणि तुमच्याच प्रश्नातला एक शब्द तुमच्या लक्षात आला नसावा. दारू 'सुटली' असं तुम्ही लिहिलंत. ऋण 'सोडतात'. गहाण पडलेलं 'सोडवतात'. तिन्ही एकाच कुळातले. इतवारीतून पहिली बांगडी सोडवून आणलीत की पत्राच्या पहिल्याच ओळीत ते लिहा, बाकी तीन कधी येतील तेही लिहा, आणि पत्र टपालाने न पाठवता स्वतः घेऊन जा.