अंजिराच्या झाडापाशी अडलात?

"अंजिरांचा हंगामच नव्हता, मग येशूनं झाडाला शाप का दिला?" हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही नीट वाचताय. इथं सगळेच अडखळतात. मीही बरेच दिवस अडलो होतो.

सध्या एवढंच करा. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) अध्याय ११, वचनं १२ ते २५ एका बैठकीत वाचा. आधी फळ न सापडलेल्या झाडाला शाप, मग यरुशलेमच्या मंदिरातून विक्रेत्यांना हाकलणं, दुसऱ्या सकाळी वाळलेलं झाड. मार्कला एका गोष्टीच्या पोटात दुसरी घालायची सवयच आहे. पाचव्या अध्यायात याईराच्या आजारी मुलीच्या गोष्टीत मध्येच रक्तस्रावाच्या स्त्रीची गोष्ट येते, ती आठवा. म्हणून झाडाचा अर्थ मंदिरात शोधायचा. मग जुन्या करारातलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक, ७:११ आणि ८:१३ उघडा. येशू मंदिराला म्हणतो ती लुटारूंची गुहा आणि अंजीर नसलेलं झाड, दोन्ही तिथं भेटतील.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या:
- एकच वचन तोडून येशूच्या रागावर वाद घालणं.
- मत्तयाच्या शुभवर्तमानाशी सरमिसळ. त्याच्याकडे झाड लगेच वाळतं.
- यातून सगळ्या यहुदी लोकांवर निकाल देणं. अहो, येशू त्यांच्याच संदेष्ट्यांच्या भाषेत बोलतोय!

मूळ ग्रीक मजकुराचं व्याकरण तूर्त राहू द्या. 'हंगाम नव्हता' तरीही खुपलं तर खुपू द्या. भाष्यकारांचंही त्यावर एकमत नाही.