फराळाच्या ऑर्डरी आणि एआय एजंट

प्रश्न: दादरला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी वाचून बिल करणारा एआय एजंट बनवून घेऊ का?

उत्तर: ताई, एजंट कशाला? अँथ्रोपिक या एआय कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये फरक छान मांडला होता: पायऱ्या आपण आधीच आखल्या तर वर्कफ्लो, मॉडेलने (म्हणजे मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या एआयने) स्वतः ठरवल्या तर एजंट. तुमच्या पायऱ्या ठरलेल्याच आहेत. ‘पाव किलो चकली, डझनभर करंज्या, माहीमला पाठवा’ यातून पदार्थ, माप, पत्ता एवढंच मॉडेलकडून काढून घ्या. दर तुमच्या तक्त्यातून, बेरीज साध्या प्रोग्रामने. माप नसेल तर अंदाज न बांधता ग्राहकाला विचारायचं, हे मॉडेलला द्यायच्या सूचनेत स्पष्ट लिहा. बिल जाण्याआधी नजर तुमचीच, निदान दिवाळीपर्यंत. जुने मेसेज, ‘नेहमीचंच द्या’वालेसुद्धा (तेच खरे छळतात!), चाचणीसाठी जपून ठेवा, सूचना बदलली की सगळे पुन्हा चालवून बघा.