कॅम्पवरच्या इंटर्नला: नावाने मोज

अरे,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. उत्तर मुद्दाम संध्याकाळी लिहितेय, सकाळी लिहिलं असतं तर नुसतं झापलं असतं. "ताई, मी इथे सायकॉलॉजी शिकायला आलो आणि दिवसभर मुलं मोजतोय, बुटाच्या नाड्या बांधतोय, टॉयलेटबाहेर उभा राहतोय. रिपोर्टमधे लिहू काय? सोडून येऊ का?" तुला मुलं आवडतात हे मला माहितीये, आणि 'छान करतोयस' वगैरे मी लिहिणार नाही, ते सर्टिफिकेटवर मिळेलच. पण मोजणं हे तुला कामच वाटत नाही म्हणतोस, तिथे मला बोलावंच लागणार.

मी सेकंड इयरला अशाच एका कॅम्पवर इंटर्न होते. माझ्याकडे १४ मुलं, आठ-नऊ वर्षांची. तिसऱ्या दिवशी पायवाटेने परत येताना ओढ्याजवळ थांबलो, तिथे दुसरा एक ग्रुप आधीच होता, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे, मुलं एकमेकांत मिसळलेली, पाणी पिऊन झालं, शिट्टी मारली, बोट दाखवत मोजलं, १४ भरली, निघालो. कॅम्पवर पोचल्यावर एक मुलगी माझ्यापाशी येऊन विचारते, "आमचे सर कुठेत?" ती माझी नव्हतीच. आकडा बरोबर होता आणि माझा एक मुलगा ओढ्यापाशी राहिला होता.

मी धावत मागे गेले. त्याला तिथे एकट्याला जवळजवळ ५० मिनिटं झाली होती. एका दगडावर बसलेला, एक पाय अनवाणी, बूट मांडीवर, आणि नाडीची ओली गाठ दाताने सोडवायचा प्रयत्न चाललेला. रडत नव्हता. वाटेत त्याने मला दोनदा सांगितलं होतं की बुटात खडा गेलाय, टोचतोय, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं होतं "पुढे गेल्यावर बघू". मला बघून म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मला मोजलंय."

एवढंच म्हणाला. आता तू मला नाड्या बांधायचा कंटाळा येतो म्हणून सांगतोस.

नावाने मोज. बोटाने नाही, डोकी नाही, नावाने. यादी हातात घेऊन, नाव उच्चारून, त्या पोराच्या तोंडाकडे बघून. मुलांना 'एक, दोन, तीन' ओरडायला लावू नकोस, एक जण गमतीत दुसऱ्याचा नंबर बोलतो आणि तुझा हिशोब गेला. निघताना मोज, पोचल्यावर मोज, टॉयलेटवरून आल्यावर मोज, पाण्यात उतरायच्या आधी आणि बाहेर आल्यावर मोज, जेवणानंतर मोज, दिवे घालवताना अंथरुणाशी जाऊन मोज. दुसऱ्या कुणी 'मी मोजलीत' म्हटलं तरी तू तुझी मोज. जोड्या लावून ठेव, प्रत्येकाला बडी, विषम संख्या असेल तर शेवटी तिघांचा गट कर, एकटं कुणाला ठेवू नकोस. फोनमधे यादी असली तरी कागदावरची खिशात ठेव, कोणाला कसली अ‍ॅलर्जी, कोणाचा इनहेलर कुठल्या बॅगेत हे त्याच कागदावर. हे सगळं तुला ट्रेनिंगमधे सांगितलं असणार. तू तेव्हा काय करत होतास ते मी विचारत नाही.

पूलवर तर फारच. बुडणारं मूल हात हलवून ओरडेल असं आपल्याला वाटतं. फ्रँक पिया नावाच्या लाइफगार्डने हे वर्षानुवर्षं बघून मांडलंय: बुडणाऱ्याला ओरडता येत नाही कारण त्याची सगळी ताकद श्वास घेण्यात चाललेली असते, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, अंग पाण्यात उभं असतं, तोंड वर येतं आणि परत खाली जातं. आणि हे २० ते ६० सेकंद चालतं, मग मूल दिसेनासं होतं. म्हणजे तू वळून कुणाच्या तरी मेसेजला रिप्लाय देईपर्यंत. लाइफगार्ड आहे ना, मग मी कशाला, हे मनातसुद्धा आणू नकोस. त्याच्यासमोर सगळा पूल असतो, तुझ्यासमोर तुझी १२ नावं. जे पोर अचानक गप्प झालं त्याच्याकडे आधी बघ, आरडाओरडा करणारं बहुतेक ठीक असतं.

रिपोर्टमधे तुला 'ग्रुप डायनॅमिक्स', म्हणजे गटात माणसं एकमेकांशी कशी वागतात ते, लिहायचंय म्हणतोस. ठीक. तुमच्या पुस्तकात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे, १९५४ सालचा, ओक्लाहोमातला. ११-१२ वर्षांची २२ मुलं, समर कॅम्प म्हणून आणलेली, दोन गट केले, आधी एकमेकांचा पत्ताच लागू दिला नाही, मग रस्सीखेच, बेसबॉल, बक्षिसं. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणं. नुसतं एकत्र जेवायला बसवून भांडण मिटलं नाही, उलट वाढलं. मिटलं कधी, तर पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून शोधावं लागलं, ट्रक सुरू होईना आणि सगळ्यांनी दोर लावून ओढला, अशा गोष्टींतून. ही माहिती तुझ्या कामाची आहे, स्पर्धा लावताना लक्षात ठेव, आणि दोन गट तापले तर एकत्र ओढायचं काहीतरी शोध. पण मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट कायम खटकते. तिथली मोठी माणसं कॅम्पचा स्टाफ बनून वावरत होती आणि नोंदी घेत होती, आपल्यावर प्रयोग चाललाय हे मुलांना माहीतच नव्हतं. तू तिथे नोंदी घ्यायला गेलेला नाहीस रे. त्या पोरांच्या आईबापांनी तुला त्यांची मुलं सोपवलीत. वही बाजूला ठेव, मोज, रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं लिही, पुरे.

आणि खरं सांगू का, नावाने मोजायला लागलास की तुझी सायकॉलॉजी तिथेच मिळते. दिवसातून दहा वेळा १२ चेहऱ्यांकडे बघायचं म्हणजे चौथ्या दिवशी कळायला लागतं की कालपर्यंत ज्याच्या शेजारी उभा राहत होता त्याच्यापासून आज तीन पावलं लांब उभाय, हिचा 'हजर'चा आवाज सकाळी मोठा होता आणि संध्याकाळी गेलाय, याचे ओठ सुकलेत, याने बाटली उघडलेलीच नाही. उन्हात डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणणारं मूल लगेच सावलीत ने आणि पाणी पाज. पण अंग तापलंय आणि ते असंबद्ध बोलायला लागलंय, तर पाणी पाजत बसू नकोस, तातडीने डॉक्टरला बोलाव आणि डॉक्टर येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. हे चेहरा ओळखीचा असेल तरच वेळेत कळतं, नाहीतर सगळीच पोरं दुपारी लाल दिसतात.

तो खिडकीशी बसणारा मुलगा, रात्री आई हवी म्हणणारा. तू त्याला म्हणालास, "दोन दिवस बघ, नाही आवडलं तर घरी फोन करून न्यायला बोलावू." मला माहितीये तुला कळवळा आला. पण हे वचन द्यायचं नव्हतंस. आता तो दोन दिवस रमायचा प्रयत्नच करणार नाही, तास मोजत बसेल. घरची आठवण येणं आजार नाही, दिवसा कामात विसरली जाते आणि अंधार पडला की वर येते, म्हणून त्याला संध्याकाळी काहीतरी काम दे, कंदील लावायचं, यादी धरून तुझ्याबरोबर मोजायचं. आईला चिठ्ठी लिहायला बस म्हण. आणि खायचं सोडलं, झोपच नाही, असं झालं तर त्याच्याशी सौदा न करता सरळ कोऑर्डिनेटरला सांग. अंथरूण ओलं केलं तर बाकीची उठायच्या आत चादर बदल, कुणाला बोलू नकोस. मात्र एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहू नकोस, दुसरं मोठं माणूस दिसेल अशा जागीच, हा नियम तुझ्यावर संशय म्हणून नाही, मुलांसाठी आहे, यावर मला वाद नकोय.

आता माझं राहिलेलं सांगते. त्या दिवशी ओढ्यावरून त्याला घेऊन आले तेव्हा मला सांगण्यात आलं की मूल सापडलंय, आता घरच्यांना कळवायची गरज नाही, उगाच घाबरतील. आणि मी गप्प बसले. शेवटच्या दिवशी त्याची आई मला "थँक यू हं" म्हणाली आणि मी हसले. ओढ्यापेक्षा मला ते हसणं जास्त आठवतं. तेव्हा मी १९ वर्षांची होते, इंटर्न होते, माझं कोण ऐकणार होतं, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय, पण तिला सांगायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं तिथे भांडले. एकदा बस २० मिनिटं थांबवून धरली कारण यादीत एक नाव कमी होतं, सगळे ओरडत होते, नंतर कळलं ती मुलगी सकाळीच वडलांबरोबर गेली होती आणि कोणी यादीत लिहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्या कॅम्पने मला बोलावलं नाही. एक जवळची मैत्रीण म्हणाली, तू लोकांना चोर समजतेस. मी चोर समजत नाही. मला १४ हा आकडा एकदा खोटा निघालेला माहितीये, एवढंच, आणि ती २० मिनिटं मी परत थांबवेन, दर वेळी थांबवेन. तुलाही लोक हट्टी म्हणतील. म्हणू देत.

सोडून येऊ नकोस. उद्या ट्रेक आहे म्हणालास ना, तर आज रात्रीच १२ जणांचे बूट बघून ठेव, नाड्या, खडे, कुणाला लागतायत का. वाटेत जो म्हणेल टोचतंय तिथेच थांब, सगळा ग्रुप थांबव. आणि परत आल्यावर मला मेसेज कर, '१२ आले' असं नको लिहूस, १२ जणांची नावं लिही, यादीत न बघता.

ताई